कलावंतांची घरे आणि कोकणातली नवी घरबांधणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वास्तुविषयक पुरवणीत घरसजावटीवर नियमितपणे मजकूर येतो आणि तो कोकणात आवडीने वाचला जातो, हे मी गुहागर तालुक्यातल्या माझ्या गावात पाहतो. अलीकडे गावोगावी जुनी घरे उतरवून नवी बांधण्याचे काम जोरात चालले आहे. मुंबईहून निवृत्त होऊन परतलेले चाकरमानी, पर्यटकांसाठी दोन खोल्या काढू पाहणारी कुटुंबे, बागायतीत चार पैसे मिळालेले शेतकरी, असे सगळेच घर बांधताना कुठून तरी प्रेरणा शोधत असतात आणि ती बहुतेक वेळा मोबाइलवरच्या छायाचित्रांत शोधतात. ती घरे कुठल्या हवेतली, कुठल्या मातीवरची आणि काय काम करणाऱ्या माणसांची आहेत, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवत असे. भिंतीला कोणता रंग द्यावा, एवढे विचारायला लोक अजूनही माझ्याकडे येतात आणि त्या निमित्ताने जी घरे आतून पाहायला मिळाली त्यांतून माझे एक मत बनले आहे. ते सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, तरी जागा असल्यास ते पूर्ण छापावे, ही विनंती.

माझे म्हणणे असे की, घर कसे असावे हे ज्याला शिकायचे आहे त्याने चित्रकार, शिल्पकार, मूर्तिकार, लेखक, वादक यांच्या राहत्या आणि कामाच्या जागा पाहाव्यात, कारण या माणसांच्या घराची मांडणी त्यांच्या कामाभोवती झालेली असते. पाहताना भिंतीचा रंग आणि कपाटावरची शोभेची वस्तू थोडी बाजूला ठेवावी. हा माणूस बसतो कुठे, त्याच्या हातावर उजेड कुठून पडतो, त्याचे सामान हाताशी कसे राहते आणि चार महिने पाऊस कोसळत असताना तो काय करतो, हे नीट पाहावे. एवढे पाहिले तर आपल्या घरासाठी नेमके काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याचा उलगडा होतो. आणि असे पाहण्यासारखे कोकणात इतके आहे की सुरुवात घरापासून करता येते.

सर्वांत जवळचे उदाहरण गणपतीच्या शाळेचे. आमच्याकडे वाडीवाडीत गणपतीच्या शाळा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा कुणाच्या तरी राहत्या घराच्या पडवीतच भरतात. एरवी ज्या पडवीत नारळाचा ढीग, शेतीची अवजारे आणि आल्यागेल्यासाठी बाक असतो, तीच पडवी आषाढ लागला की मूर्तिकाराची होते. घरोघरचे पाट तिथे येऊन पडतात, पाटाच्या मागच्या बाजूला खडूने किंवा रंगाने त्या त्या घराचे नाव घातलेले असते आणि मूर्ती त्या पाटावरच घडते. मी ज्या शाळेत लहानपणापासून जाऊन बसत आलो तिथले मूर्तिकार पडवीच्या कडेपासून थोडे आत, पाठ घराच्या भिंतीकडे आणि तोंड अंगणाकडे करून बसतात. वळचण खाली उतरलेली असल्यामुळे आभाळाचा उजेड थेट डोक्यावर येत नाही. तो ओल्या अंगणावरून परतून समोरून आणि किंचित खालून मूर्तीवर येतो. हा उजेड मऊ असतो. सोंडेचे वळण घोटताना किंवा डोळ्यांची आखणी करताना हाताची सावली कामावर पडत नाही, आणि अशा उजेडात डोळे आखले की ते दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, असे त्या मूर्तिकारांनीच मला सांगितले होते. मातीचा गोळा डाव्या हाताला ओल्या गोणपाटाखाली, पाण्याचे भांडे आणि बांबूच्या कोरण्या उजव्या हाताला, रंगांचे डबे वाशांना टांगलेल्या फळीवर. घडलेल्या मूर्ती आतल्या भिंतीलगत ओळीने ठेवलेल्या, कारण एकाच बाजूने वारा लागला तर माती एकसारखी सुकत नाही आणि तडा जातो.

या मांडणीचा आराखडा कोणी काढला नव्हता. पडवीची खोली, वळचणीची उंची, जमिनीवर बसून काम करण्याची सवय आणि पावसाची दिशा यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या ठरत गेली. चांगल्या घराचे जे जे गुण असतात ते सारे या एका पडवीत सापडतात: ती घराच्या आत आहे आणि बाहेरही आहे, ऋतूप्रमाणे तिचे काम बदलते, तिथे बसलेल्या माणसाला रस्त्यावरून जाणारा दिसतो आणि त्याच्याशी चार शब्द बोलताही येतात. आता नव्या घरांत हीच पडवी सर्वांत आधी जाते. तिच्या जागी चार फुटांचा सीट-आउट येतो, त्याला सरकत्या काचा लागतात आणि मूर्तिकार मागीलदारी पत्र्याच्या शेडमध्ये जातो, जिथे श्रावणातल्या उघडिपीत ऊन पडले की बसवत नाही. असे घर माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात झाले, तेव्हा मला फार वाईट वाटले. पैसे भरपूर खर्च झाले होते, पण ज्या कामामुळे त्या घराची पंचक्रोशीत ओळख होती त्या कामाला घरात जागाच उरली नव्हती.

दुसरे उदाहरण अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891 मध्ये याच गावात झाला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्या मदतीने करमरकर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकायला गेले. पुण्यातला महाराजांचा 1928 सालचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा त्यांचाच. 1967 मध्ये ते निवर्तले. सासवण्यातले त्यांचे घर आज शिल्पालय म्हणून पाहता येते आणि अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाने वाट थोडी वाकडी करून तिथे जावे, असे मला मनापासून वाटते.

त्या घरात शिल्पे जागोजागी आहेत, झाडांखाली आहेत, खोल्यांत आहेत. ती पाहताना आपण एखाद्याच्या घरी आलो आहोत, ही जाणीव सुटत नाही. त्यांत थोर पुरुष आहेत, पण कोळीण आहे, गावातली साधी माणसे आहेत, म्हैसही आहे. ज्या अंगणात आणि ज्या वाटेवर ही माणसे आणि जनावरे रोज दिसत होती, तिथेच ती शिल्परूपाने उभी राहिली. घर सजवण्यासाठी दूरचे काही आणावे लागते, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही. शिवाय करमरकरांनी सिमेंटसारख्या साध्या माध्यमातही काम केले आहे. आज आपल्या फाटकांच्या खांबांवर साच्यातले सिंह बसतात आणि गच्चीला साच्यातले कठडे लागतात, तेही सिमेंटचेच असतात. सामान तेच, गवंडीही आपल्याच गावातला, मग फाटकावर सिंहच का, आपल्या दारातले काही का नाही, हा प्रश्न सासवण्याहून परतणाऱ्याच्या मनात आला तर ती सहल सत्कारणी लागली असे मी समजेन. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी नंतर आपल्या घराच्या ओट्यावर सिमेंटमध्येच माशांची आणि शिंपल्यांची नक्षी केली. ती फार सफाईदार नाही, पण ते घर कोणाचे आहे हे विचारावे लागत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीत गंगावणे कुटुंबाने आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे मांडल्या. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाल्यावर या गोठ्याची सर्वत्र चर्चा झाली. गोठा ही कोकणातली सर्वांत दुर्लक्षित वास्तू आहे. गुरे कमी झाली तशी ती रिकामी पडली आणि घर नव्याने बांधताना ती पहिल्यांदा जमीनदोस्त होते. खरे तर गोठ्याला बळकट खांब असतात, वारा खेळता असतो, घरापासून तो हाकेच्या अंतरावर असतो आणि घरातल्या वर्दळीपासून अलग असतो. लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला, शिवणकाम करणाऱ्याला याहून चांगली खोली नव्याने बांधूनही मिळणार नाही. जमिनीला कोबा, भिंतींना चुना आणि मोक्याच्या जागी एक खिडकी एवढ्यावर ती तयार होऊ शकते.

सावंतवाडीच्या राजवाड्याचे उदाहरण मी थोडक्यात देतो, कारण राजवाडा म्हटले की सामान्य माणूस ते आपल्या कामाचे नाही असे समजतो. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी लोप पावत चाललेली गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांची कला पुन्हा उभी केली आणि राजवाड्यातल्या दरबाराच्या दालनात कारागिरांना बसायला जागा दिली. दशावतारी गंजिफाच्या एका संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पाने असतात आणि प्रत्येक पान हाताने रंगवायचे असते. एवढ्या बारीक कामाला घरातले सर्वांत मानाचे दालन मिळाले, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या घरांत सर्वांत मोठी आणि सर्वांत उजेडाची खोली सोफा आणि दूरचित्रवाणी संचासाठी राखलेली असते, आणि घरातल्या माणसांचे खरे काम स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा पलंगाच्या कडेवर बसून चालते.

आता दूरच्या घरांविषयी. मोबाइलवर जी छायाचित्रे फिरतात त्यांत मेक्सिकोतल्या चित्रकार फ्रिडा काहलो यांचे निळे घर हटकून असते. ते पाहून आमच्या तालुक्यात दोन-तीन घरांना गडद निळा रंग लागला आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ उठले. त्या घरातली शिकण्यासारखी गोष्ट रंगापेक्षा पलंग ही आहे. 1925 मध्ये बसच्या भीषण अपघातात त्या जबर जखमी झाल्या, दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या आणि पलंगावर पडून चित्रे काढता यावीत म्हणून वर आरसा आणि विशेष घडवलेला चित्रफलक अशी सोय घरच्यांनी केली. माणसाच्या देहाची जी अडचण, तिच्याप्रमाणे घर बदलले. आपल्या घरात गुडघे धरलेली आई असते, अर्धांगवायू झालेले आजोबा असतात, त्यांना उजेडात बसता यावे, अंगण दिसावे, हाताला काही काम मिळावे म्हणून खिडकीची उंची किंवा पलंगाची जागा बदलणारे किती जण आहेत? क्लोद मोने यांच्या फ्रान्समधल्या जिव्हर्नी येथील घराचेही असेच. 1883 पासून 1926 मध्ये निधन होईपर्यंत ते तिथे राहिले. त्यांची पिवळीधमक जेवणाची खोली आणि तिच्या भिंतींवरची जपानी चित्रे प्रसिद्ध आहेत. तिथल्या मळभाच्या लांब हिवाळ्यात तो पिवळा रंग ऊब देत असेल. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी डोळे दिपवणाऱ्या आमच्या उजेडात तोच रंग चारी भिंतींना दिला तर घरात बसवणार नाही. मात्र ज्या चित्रकलेवर त्यांचा जीव होता ती चित्रे त्यांनी रोजच्या जेवणाच्या जागी लावली, ही गोष्ट कुठल्याही हवेत घेण्यासारखी आहे.

हवा जुळते ती दक्षिणेची. म्हणून मला लॉरी बेकर आणि जेफ्री बावा या दोन वास्तुविशारदांची स्वतःची घरे कोकणच्या दृष्टीने अधिक मोलाची वाटतात.

बेकर हे जन्माने इंग्रज. 1945 मध्ये ते भारतात आले आणि पुढे इथलेच झाले. पाच मैलांच्या परिघात मिळेल त्या सामानातून घर बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी मनावर घेतला. तिरुवनंतपुरममध्ये डोंगरउतारावरच्या खडकाळ जागेत त्यांनी आपले घर बांधले, वाढवले आणि 2007 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांचे वास्तव्य तिथेच होते. खडक फोडून जागा सपाट करण्याऐवजी उतार जसा आहे तसा धरून खोल्या वरखाली बसवल्या, आणि मोडीतल्या विटा, कौले, जुने लाकूड असे इतरांनी टाकलेले सामान वापरले. आमच्याकडे घर बांधण्याचे पहिले पाऊल म्हणजे जेसीबी बोलावून डोंगर कापणे. मग कापलेली दरड पावसात खाली येऊ नये म्हणून मोठी संरक्षक भिंत आणि तिचा खर्च घराच्या खर्चाच्या जवळ जाणारा. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी घर बसवण्याची रीत आमच्या जुन्या वाड्यांतून होतीच. गडग्यांनी बांधलेल्या टप्प्यांवर आंबा-काजू आणि त्यांतल्याच एका टप्प्यावर घर, ही आमचीच पद्धत बेकर यांच्या घरात पुन्हा भेटते.

त्यांची एक युक्ती तर कोकणातल्या प्रत्येक गवंड्याने शिकावी अशी आहे. सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबमध्ये खालच्या बाजूचे काँक्रीट भार पेलण्याच्या दृष्टीने फारसे उपयोगी नसते, म्हणून सळ्यांच्या मधल्या चौकटींत जुनी मंगलोरी कौले बसवून वरून काँक्रीट ओतायचे. काँक्रीट वाचते, वजन कमी होते, सळईही कमी लागते, कौलातल्या पोकळीमुळे उष्णता काही प्रमाणात अडते आणि खालून पाहिले की छताला कौलांची नक्षी दिसते. आमच्याकडे घर उतरवले की परसात कौलांचा ढीग वर्षानुवर्षे पडून राहतो, त्याच्यावर वेली चढतात, त्याच्यात विंचू होतात. तो ढीग त्याच घराच्या नव्या छतात जाऊ शकतो. अर्थात यासाठी सळयांचे अंतर आणि स्लॅबची जाडी जाणकार अभियंत्याकडून ठरवून घ्यावी, अंदाजाने करू नये. बेकर यांची विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत मात्र विटांची आहे. जांभ्याच्या चिऱ्याचे आकारमान वेगळे, तिचा इथे आग्रह धरण्यात अर्थ नाही.

बावा हे श्रीलंकेचे. वकिली सोडून ते वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर वास्तुविशारद झाले. कोलंबोत एका गल्लीतली चार छोटी ओळीची घरे त्यांनी एकेक करून घेतली आणि ती जोडत, मधल्या भिंती काढत, मध्ये आभाळाला उघडे असे लहान लहान चौक ठेवत आपले घर केले. त्या घरात तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागातील पाडलेल्या जुन्या घरांचे लाकडी खांब आणून बसवले आहेत. हे वाचल्यापासून मला आमच्याकडच्या खांबांची आठवण होत राहते. फणसाचे, सागवानाचे, शिसवीचे, दीड-दोनशे वर्षे घर पेलून धरलेले खांब आणि तुळया घर उतरवताना जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला मातीमोलाने दिल्या जातात. तेच खांब पुढे शहरातल्या उपाहारगृहांत शोभेसाठी उभे राहतात आणि त्यांच्या शेजारी बसून छायाचित्र काढणाऱ्यांत आमचेच चाकरमानी असतात. ज्याला नवे घर बांधायचे आहे त्याने निदान ओटीचे दोन खांब आणि मुख्य दाराची चौकट ठेवून घ्यावी आणि नवी ओटी त्या मापाने आखावी. बावा यांच्या घरातली दुसरी शिकवण लहान जागेतल्या उजेडाची. शहरात, म्हणजे रत्नागिरी-चिपळूणसारख्या ठिकाणी, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत मधल्या खोल्या दिवसाही अंधाऱ्या असतात. तिथे चार-पाच फुटांचा उघडा चौक, खाली पाण्याला नीट वाट आणि कडेने खोल पन्हळ एवढे केले तर घराचा स्वभाव पालटतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तेव्हा चौक मोठा करण्याचा मोह टाळावा आणि पाण्याची वाट आधी आखावी.

याच संदर्भात रवींद्रनाथ ठाकुरांचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. शांतिनिकेतनात त्यांनी एकाच परिसरात पाच घरे बांधवून घेतली आणि एका घरातून दुसऱ्यात ते राहायला जात असत. त्यांतले 1935 मधले ‘श्यामली’ मातीचे आहे. एवढ्या मोठ्या कवीने उतारवयात राहण्यासाठी मातीचे घर निवडले, याचा विचार मातीच्या भिंतींची लाज वाटणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनी करावा.

जुन्या घराचे गोडवे गाणे सोपे आणि त्यात राहणे कठीण, हे मला कोणी सांगितले तर ते खरेच आहे. माकडे कौले फोडतात. दर वर्षी पावसाआधी कौले परतायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. वाळवी आहे, उंदीर आहेत, माळ्यावर साप येतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धनच्या बाजूला एका दिवसात असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले आणि पुढच्याच वर्षी तौक्ते वादळ आले. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर असे गेले त्याला स्लॅबचा आग्रह धरू नकोस, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? पण स्लॅब टाकल्यावर तीन-चार वर्षांत तो गळू लागतो आणि मग त्याच्यावर लोखंडी कैच्या उभारून पत्रा चढवावा लागतो, हे दृश्य आता मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही बाजूंना सर्वत्र आहे. छप्पर दोनदा बांधायचेच असेल तर ते पहिल्यापासून उतरते आखावे, वळचण पुरेशी पुढे काढावी आणि मधल्या पोटमाळ्याच्या जागेत कोणाला तरी बसून काम करता येईल असा विचार आधीच करावा. शिवाय ‘अस्सल कोकणी’ म्हणून ज्या मंगलोरी कौलांचे आपण कौतुक करतो त्यांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला 1865 मध्ये काढला, त्याआधी आमच्याकडे नळीची कौले आणि गवताची छपरे होती. तेव्हा नवे सामान घेण्यास माझी हरकत नाही. नवे सामान घेताना जुन्या घराला जे हवामान कळले होते ते नव्या घरालाही कळावे, एवढेच मागणे आहे.

आणि कलावंत म्हणजे ज्यांची नावे पाठ्यपुस्तकात आहेत तेवढेच, असे मी मानत नाही. आमच्या वाडीत भजनाचा पखवाज वाजवणारा आहे, नमनाच्या सोंगांचे कपडे शिवणारी बाई आहे, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून जाळे विणणारे वृद्ध खारवी आहेत, बारशाच्या कुंच्या आणि गोधड्या शिवणाऱ्या आजी आहेत. घराचा आराखडा काढताना यांच्यापैकी कोणी आपल्या घरात आहे का, हे आधी पाहावे. पखवाजाला ओल सोसत नाही, त्याला चुलीच्या भिंतीला लागून असलेली कोरडी खुंटी हवी. शिवणयंत्र उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीशी हवे, म्हणजे सुईत दोरा ओवताना दिवा लावावा लागत नाही. जाळे विणायला लांबी हवी, रुंदी नको, आणि पडवीखेरीज ती कुठे मिळत नाही. पुस्तके असतील तर फडताळ पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, पावसाची झड त्याच भिंतीवर बसते आणि श्रावणापर्यंत पुठ्ठ्यांना भुरा येतो. ज्यांचे मूळ गाव आंबडवे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला ‘राजगृह’ बांधताना आपल्या ग्रंथसंग्रहासाठी मुद्दाम जागा ठेवली होती. पुस्तकांचा विचार करून घर बांधल्याचे एवढे मोठे उदाहरण समोर असताना आमच्या नव्या बंगल्यांत पुस्तकाला एक कोनाडाही नसावा, याचे मला दुःख होते.

गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांचे जन्मघर स्मारक म्हणून जपले आहे, पालगडला साने गुरुजींचे घर आहे. तिथे जाणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की नमस्कार करून लगेच बाहेर पडू नये. थोडा वेळ ओटीवर बसावे, दारातून उजेड किती आत येतो ते पाहावे, खोल्यांची लांबी-रुंदी पावलांनी मोजावी. एवढ्याशा घरात किती माणसे राहत, हे ध्यानात आले की तीन मजली बंगल्याचा हट्ट आपोआप थोडा सैल होतो.

आता मूळ विनंती. आपल्या पुरवणीत सिनेतारकांच्या सदनिकांची छायाचित्रे येतात, त्यांना माझा विरोध नाही. त्यांच्याबरोबर वेंगुर्ल्यापासून पालघरपर्यंतच्या मूर्तिकारांच्या, चित्रकारांच्या, लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या, लेखकांच्या आणि लोककलावंतांच्या घरांवर एक मालिका चालवावी. त्यात नुसती देखणी छायाचित्रे नकोत. प्रत्येक घराचा साधा नकाशा द्यावा, दिशा दाखवाव्यात, कामाची जागा आणि खिडकीचे माप द्यावे, पावसाळ्यात ती जागा कशी वापरतात ते त्या माणसाच्या शब्दांत लिहावे आणि कोणते सामान किती वर्षे टिकले, हेही विचारावे. मोजमाप आणि रेखाटने करण्यासाठी चिपळूणजवळच्या सावर्ड्याच्या कला महाविद्यालयासारख्या संस्थांतले विद्यार्थी हे काम आनंदाने करतील, अशी माझी खात्री आहे. घर ही खाजगी जागा असते, म्हणून घरच्यांची संमती घ्यावी, पत्ता छापू नये आणि ज्यांना पाहुण्यांची वर्दळ नको असेल त्यांची नावेही वगळावीत.

ही मालिका आषाढात सुरू झाली तर तिचा सर्वाधिक उपयोग होईल. आमच्याकडे जोते खोदायला दिवाळीनंतर हात लागतो, आणि घरातली माणसे एकत्र बसून नकाशावर बोलतात ती पावसाळ्यात, विशेषतः गणपतीला सगळे चाकरमानी घरी आले म्हणजे. त्या वेळी आपला अंक त्यांच्या हातात असेल, असे पाहावे.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी